वसतिगृह, मागच्या दारातून

पवईच्या आयआयटीत मी पहिल्यांदा गेले ती सायकलच्या दांडीवर बसून. साल १९७२, मी आठ वर्षांची. आई तापाने फणफणलेली, धाकटा भाऊ मावशीकडे, आणि मला कुठे ठेवायचं हा प्रश्न. बाबांनी पहाटे साडेचारला उठवलं, दांडीला जुनी चादर गुंडाळली आणि टेंभीपाड्यातून निघाले. भांडुपचा उतार, मग आग्रा रोड, गांधीनगरच्या नाक्यावर उजवीकडे वळलं की पवईचा चढ. चढ लागला की बाबा खाली उतरत आणि मला वर बसवूनच सायकल ढकलत. उजाडायच्या आत आम्ही एका तीन मजली इमारतीच्या मागे पोचलो. बाबांनी पत्र्याचं दार ढकललं, बटाट्याच्या पोत्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "इथनं हलायचं नाय हां. भट्टी पेटलीय."

त्या इमारतीत बाबा १९६१ पासून १९९६ पर्यंत आचारी होते. वसतिगृहाचा क्रमांक मुद्दाम सांगत नाही. पवईच्या आयआयटीत वसतिगृहांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि एक आकडा लिहिला की बाकीच्या सगळ्या आकड्यांचे लोक भांडायला येतात. पुढच्या चोवीस वर्षांत मी तिथे कितीतरी वेळा गेले. बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला, गावाहून कुणी आल्याचा निरोप सांगायला, सुट्टीत नुसतीच. दर वेळी त्याच दाराने. पुढचं दार, नोटिसांचा फळा, जिने, मुलांच्या खोल्या, यातलं काही पाहिलं नाही. कुणी अडवलं म्हणून नव्हे. तिकडे माझं काम नव्हतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे जुन्या वसतिगृहांची गोष्ट पुन्हा बातम्यांत आहे. त्यांच्या जागी नव्या, उंच इमारती याव्यात म्हणून माजी विद्यार्थी सढळ हाताने पैसे देतायत. १९९८ च्या तुकडीने पंचवीस वर्षं पुरी झाली म्हणून २०२३ मध्ये ५७ कोटी रुपये द्यायचं कबूल केलं, त्यातला एक वाटा वसतिगृहासाठी आहे. त्याच वर्षी नंदन निलेकणींनी आपल्या प्रवेशाला पन्नास वर्षं झाली म्हणून संस्थेला ३१५ कोटी दिले. ते आठ नंबरचे. पैसे आले की आठवणीही येतात, आणि आठवणींचे लेख मी आवडीने वाचते. आमची विंग, आमची कट्ट्यावरची रात्र, परीक्षेच्या आदल्या दिवशीची आमची क्रिकेटची मॅच.

जुन्या इमारती पाडा, माझी काडीची हरकत नाही. पवईचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनी जुन्या भिंतींचं कौतुक करू नये. विहार तलावाकडून ढग उतरले की चार महिने त्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या असायच्या आणि बाबांच्या कपड्यांना येणारा कुबट वास आईच्या कपाटापर्यंत पोचायचा. शिवाय मुलं वाढली. २००८ नंतर आरक्षणाचा टक्का वाढला, त्याबरोबर जागा निम्म्याहून अधिक वाढवल्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा आल्या. एकेकट्यासाठी बांधलेल्या खोलीत दोघं, मग तिघं. आता तिथे दहा हजारांच्या वर मुलं शिकतात. त्यांनी गळक्या छताखाली राहावं आणि आम्ही इतिहास इतिहास करावं, हे काही खरं नाही.

माझं म्हणणं दुसरंच आहे. इमारत पाडताना काय जपायचं याची यादी होईल तेव्हा त्या यादीत भटारखाना असावा. सगळ्यात वर असावा.

पवईचा इतिहास सांगणारे तलावापासून सुरुवात करतात. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि पवई १८९१ च्या सुमाराचा. मुंबईची तहान भागवायला बांधला आणि पाणी पिण्यालायक निघालं नाही. त्याच्याही आधी इथे फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेठजींची इस्टेट होती. धोबीतलावाला ज्यांच्या नावाची संस्था आहे, तेच. त्यांनी १८३८ मध्ये इथले आंबे राणी व्हिक्टोरियाला पाठवले होते. म्हणजे पवईत उत्तम माल पिकवायचा आणि साता समुद्रापार धाडायचा, ही रीत आयआयटीच्या एकशेवीस वर्षं आधीची.

आयआयटीचा जन्म सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगते. देशाच्या चार दिशांना चार तंत्रशिक्षण संस्था काढाव्यात असं सरकार समितीने सुचवलं होतं. इथे सरकार म्हणजे गव्हर्न्मेंट नव्हे, नलिनी रंजन सरकार. पहिली खरगपूरला, हिजलीच्या बंदिवासाच्या इमारतीत. १९३१ च्या सप्टेंबरात तिथल्या राजबंद्यांवर गोळीबार झाला होता आणि दोघे गेले होते. दुसरी आपली. २५ जुलै १९५८ ला वरळीत सास्मिराच्या इमारतीत वर्ग भरले. ३,४०० हून अधिक अर्जांतून निवडलेली १०० मुलं होती. १० मार्च १९५९ ला पंडित नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. यंत्रं आणि तज्ज्ञ युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियातून आले. सुरुवातीची आखणी करणाऱ्यांत व्हीजेटीआयचे पु. का. केळकर होते. ते पुढे कानपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले आणि १९७० मध्ये परत पवईला संचालक म्हणून आले.

खरगपूरला तुरुंगाची भिंत मिळाली, इतिहास त्या भिंतीतच होता. पवईला मिळालं रान. पद्मावती देवीचं देऊळ, तलावातल्या मगरी, डोंगरावरून येणारा बिबट्या आणि चिखल. तिथे जो इतिहास घडायचा तो माणसांनीच घडवायचा होता, आणि मुलांनी तो घडवला, याबद्दल वाद नाही. चार नंबरमध्ये मनोहर पर्रीकर राहत. १९७८ साली ते धातुशास्त्रात पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढे गोव्याचे मुख्यमंत्री, देशाचे संरक्षणमंत्री झाले. 'छिछोरे' नावाचा सिनेमा २०१९ मध्ये आला, तो काढणारे नितेश तिवारी इथलेच. त्यात चार नंबर आणि तीन नंबर यांची खेळांतली चुरस आहे. सिनेमा पाहून माझा भाचा म्हणाला, "मावशी, आजोबा ह्यात कुठे असतील?" मी म्हटलं, मुलं जेवताना दाखवलीयत ना, त्या भिंतीच्या पलीकडे.

तर भिंतीच्या पलीकडचं सांगते, कारण ते सांगायला आता फार माणसं उरलेली नाहीत.

भटारखाना लांबट होता, छत उंच, आणि वरच्या झरोक्यांना काजळीची झालर. एका अंगाला तीन भट्ट्या. मी पाहिल्या तेव्हा कोळशाच्या, पुढे गॅस आला. कोळसा होता तोवर बाबांच्या भुवया कायम अर्ध्या जळालेल्या असत. मधे दगडी ओटा, त्यावर कणीक. मळायचं यंत्र येईपर्यंत दोन माणसं परातीत गुडघे टेकून कणीक तिंबत. लाटणारे चार, भाजणारे दोन, आणि तवा एवढा लांब की एका वेळी वीस चपात्या मावत. कोपऱ्यात रगडा. त्यावर पालघाटचा एक आचारी इडलीचं पीठ वाटायचा. बाबा संगमेश्वरकडचे, आमटी-भातावर वाढलेले. सांबार त्यांना त्या माणसाने शिकवलं, राजमा एका गढवाल्याने. बदल्यात बाबांनी त्या दोघांना काय शिकवलं, तर फणसाची भाजी. मुलांना ती आवडली नाही. महिन्यातून एकदा आचाऱ्यांपुरती व्हायची.

देशाची एकात्मता वगैरे आम्ही शाळेत निबंधात लिहायचो. ती त्या ओट्यावर रोज भांडत असे. उत्तरेच्या मुलांना भात नको, दक्षिणेच्या मुलांना चपाती नको, जैन मुलांना कांदा-लसूण नको, बंगाली मुलाला मासळी पाहिजे आणि सगळ्यांना दही जास्त पाहिजे. अंड्यांची कढई वेगळी आणि झाराही वेगळा, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. लाल दोऱ्याचा झारा चुकून दुसऱ्या टोपात गेला तर बाबा तो टोप बाजूला काढत. मुलांना कळायच्या आत. टेबलं मात्र सगळ्यांची एकच. २०२३ मध्ये बारा-तेरा-चौदा नंबरच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारी मुलांसाठी राखून ठेवली. निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार केलेल्या एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. तेव्हा मला त्या लाल दोऱ्याची आठवण झाली. सोवळं-ओवळं झाऱ्याला बांधून संपत होतं ते टेबलापर्यंत कसं काय आलं, हे मला कळत नाही. ज्यांच्या पोटाला जे चालत नाही ते त्यांच्या ताटात जाऊ नये, हे आचाऱ्याचं काम. शेजारच्या ताटात काय आहे ते बघणं हे कुणाचंच काम नाही.

मुलं बाबांना मामा म्हणत. मराठी मुलं मामा, हिंदीवाली भैया. मामा हा आपल्याकडच्या वसतिगृहांतला एक हुद्दाच आहे. पुण्यापासून नागपूरपर्यंत कुठेही जा, फाटकावर एक मामा आणि मेसमध्ये एक मामा असतोच. पस्तीस वर्षांत किती मुलांना बाबांचं नाव माहीत असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. यात मुलांचा दोष मी धरत नाही, कारण उलट बाजूने हिशेब मांडला तर तोही तसाच निघतो. बाबांनाही मुलांची नावं येत नव्हती. घरी गोष्टी सांगायचे त्या 'दहीवाल्या'च्या, 'दोनदा भात'च्या, 'चहा बशीतून'च्या. बशीतून चहा पिणारा पुढे कुठल्याशा मोठ्या कंपनीचा सर्वेसर्वा झाला. त्याचा फोटो पेपरात आला तर बाबा म्हणाले, "अगो, हा तर आपला बशीवाला."

वसतिगृहात माणसं एकमेकांना अशी ओळखतात. खोलीतली खोलीतल्यांना नावाने, आणि भिंतीपलीकडची एकमेकांना सवयीने. पहिल्या ओळखीवर पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला. दुसरीची कुठे नोंद नाही.

२००९ च्या डिसेंबरात आमच्या भांडुपच्या चाळीत एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी न्यू जर्सीहून आले होते, मूळचे अकोल्याचे. कुणाकुणाला विचारत, गल्ल्या धुंडाळत पत्ता काढला होता. बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे, कान गेलेले.

"मामा, ओळखलं काय?"

"नाय बाबा."

त्यांनी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, खोली सांगितली. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग ते म्हणाले, "मी रोज करपलेली चपाती मागायचो."

"करपलेला!" बाबा उठून उभेच राहिले.

तासभर बसले. उठताना त्यांनी विचारलं, मामा, ती बुधवारची डाळ कशी करायचे ते सांगा, हिला शिकून घ्यायची आहे. बाबा सांगायला लागले. तूरडाळ बारा किलो, मीठ सातशे ग्रॅम, मिरच्या दीड किलो. बाई म्हणाल्या, काका, चौघांची सांगा ना. बाबा गप्प झाले. चौघांची त्यांना येत नव्हती. घरी आईच रांधायची, बाबांनी घरात पळी हातात घेतलेली मी पाहिली नाही. शेवटी ते गृहस्थ हसले, त्यांनी मोबाइल काढला आणि पंचाहत्तरने भागाकार केला. डाळ एकशे साठ ग्रॅम, मीठ नऊ ग्रॅम. सगळं लिहून घेतलं. इंजिनिअर माणूस.

दोन महिन्यांनी त्यांचा मला मेल आला, जमत नाही म्हणून. चव जवळ येते, पण ती नाही. मी बाबांना ओरडून वाचून दाखवला. ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "तो नेहमी शेवटी यायचा जेवायला. पावणेदोनला. शेवटच्याला डाळ घट्ट मिळते. तळाची. दोन तास भट्टीवर बसलेली. आधी येणाऱ्याला ती चव ठावकीच नाय."

भागाकार बरोबर होता, पण बाकी टोपाच्या तळाशी राहिली होती.

आता मुद्द्यावर येते. वसतिगृहातलं काही जपायचं म्हटलं की लोकांच्या मनात पहिली येते ती खोली. पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहात सावरकरांची सतरा नंबरची खोली जपली आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात एडगर अ‍ॅलन पो १८२६ साली राहिला ती तेरा नंबरची खोली काचेमागे ठेवली आहे. पण खोली जपायची तर आत कुणी मोठा माणूस राहून गेलेला लागतो, आणि पवईत त्यावर एकमत होणं अवघड. कुणी म्हणेल पर्रीकरांची, कुणी निलेकणींची, आणि तीन नंबरवाले म्हणतील आमच्यातलं कुणीच कसं नाही. भटारखान्याबद्दल हे भांडण नाही. जो मोठा झाला तोही तिथलं जेवला आणि जो नापास होऊन घरी गेला तोही. सगळ्यांना सामाईक अशी वसतिगृहात तीच एक खोली.

व्हर्जिनियाच्या त्याच विद्यापीठाची आणखी एक गोष्ट आहे. थॉमस जेफरसनने आखलेलं ते आवार इतकं देखणं की युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. पण ते बांधलं, झाडलं, तिथल्या मुलांना रांधून घातलं ते गुलामांनी, आणि जवळजवळ दोनशे वर्षं त्याबद्दल त्या आवारात चकार शब्द नव्हता. २०२० मध्ये तिथे ग्रॅनाइटचं एक मोठं वर्तुळ उभं राहिलं. त्यावर सुमारे चार हजार खुणा आहेत. ज्याचं नाव सापडलं त्याचं नाव. नाव नाही पण काम सापडलं तर काम. तेही नसेल तर दगडात नुसती एक आडवी रेघ. बाबांची तुलना मी गुलामांशी करत नाही, तसं केलं तर ते वर बसून मला झारा फेकून मारतील. ते पगारी माणूस होते, पगाराला आणि कामाला दोन्हींना जपणारे. मला त्या दगडावरची पद्धत आवडली. माहीत आहे तेवढं कोरायचं, नाही तिथे जागा सोडायची, पण माणूस होता हे लपवायचं नाही.

आचाऱ्यांच्या नावांनी कसला आलाय इतिहास, असं म्हणणारे भेटतील. त्यांना मी मेसच्या जुन्या वह्या शोधायला सांगेन. १९६५ च्या युद्धात शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा तीनशे भुकेल्या पोरांच्या मेसमध्ये सोमवारी रात्री काय झालं? १९७२ च्या दुष्काळात आम्ही भांडुपला रेशनची लाल मिलो खात होतो, त्या साली वसतिगृहाचा गहू कुठून आला? १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, भाजीच्या गाड्या बंद, त्या दिवसांत ताटात काय पडलं? डालडा कधी गेला, गोडेतेल कधी आलं, पनीर कधी शिरलं? संचालकांच्या अहवालात ही उत्तरं मिळायची नाहीत. ती खर्चाच्या वहीत असतात, तेलाचा डाग पडलेल्या पानावर. इमारत रिकामी करताना सगळ्यात आधी रद्दीत जातात त्या या वह्या.

वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह आठवा. दलित पँथरच्या काळात तिथे तरुणांचा कसा राबता असायचा हे आज आपल्याला माहीत आहे, कारण तिथे वावरलेल्या माणसांनी ते लिहून ठेवलं. भिंतींचं काय व्हायचं ते होवो, लिहिलेलं राहिलं. आचारी, झाडूवाले, पहारेकरी लिहीत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन ऐकावं लागतं, आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. जी संस्था दुष्काळाचा अंदाज यंत्रावर काढू शकते, तिला चार विद्यार्थ्यांच्या हातात रेकॉर्डर देऊन भांडुप, कांजूर, विक्रोळीच्या चाळींत पाठवणं अवघड नाही. त्या म्हाताऱ्यांतले निम्मे तर कोकणात गावी गेलेत. मे महिन्यात जा, आंबेही मिळतील.

पुढच्या दाराने मी एकदाच गेले. २०१६ च्या डिसेंबरात टेकफेस्ट या तिथल्या तंत्रमहोत्सवासाठी आमच्या पालिकेच्या शाळेतली चाळीस मुलं घेऊन गेले होते. मुलं यंत्रमानव बघण्यात गुंग झाली, दुसऱ्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि चालत निघाले. पहारेकऱ्याला म्हटलं, माझे वडील इथे होते. "एक्स स्टुडंट?" मी मान हलवली. ती कशी हलली ते त्याने त्याच्या सोयीने घेतलं. आतल्या भिंतीवर लाकडी फळे होते, सोनेरी रंगात वर्षांमागून वर्षं, सेक्रेटरींची नावं. मी १९६१ पासून १९९६ पर्यंत सगळी वाचली. बशीवाला त्यात होता. पेपरातल्या फोटोखालच्या नावावरून ओळखला.

मग जेवणाच्या हॉलमधून भिंतीपलीकडे गेले. तिथे आता केटररची मुलं होती, ओडिशाची असावीत. स्टीलचे ओटे, गॅसच्या शेगड्या, भिंतीला पांढऱ्या फरश्या. भट्ट्यांची जागा नुसती उंचवट्यावरून ओळखू येत होती. एकाने विचारलं, "मॅडम, किसको ढूंढ रहे हो?" मी म्हटलं, दरवाजा. त्याने दाखवला. पत्रा जाऊन लोखंडी जाळी आली होती, पण उंबऱ्याचा दगड तोच, मधोमध झिजलेला, आणि बाजूला सांडपाण्याची मोरी तीच. मोरीशेजारी कांद्याची पोती. मी जरा वेळ टेकले. मुलगा बघत राहिला, काही बोलला नाही. थोड्या वेळाने चहा आणून दिला.

बाबा २०१४ मध्ये गेले. त्यांच्या पेटीत एक लांबट वही सापडली, वाण्याची असते तशी. रोजचं माप आणि रोजचा आकडा. किती ताटं, किती डाळ, किती उरली. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर मोठं आणि दाबून लिहिलेलं. पनीर हा शब्द पहिल्यांदा येतो तो १९८४ मध्ये, 'पनिर' असा, आणि पुढे कंसात 'दुधाचे'. बाकी सगळे आकडेच. मुलांबद्दल कुठे अक्षर नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. मागच्या महिन्यात झेरॉक्स काढायला म्हणून पानं सुटी केली तेव्हा काही पानांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. शाईच्या आकड्यांखाली ते इतकं पुसट झालंय की पान उजेडात तिरकं धरावं लागतं.

१९७७ च्या एप्रिलमधलं एक पान समोर आहे. ताटं ३०४. डाळ १२ किलो. तांदूळ २८. बटाटा ४०. उरलं : भात अर्धा टोप, भाजी बरीच. त्याखाली पेन्सिलीने : 'परीक्षा. जेवत नाहीत. रात्री चहा जादा ठेवणे. दहीवाला दोन दिवस आला नाही, वर बघून येणे.'

पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीचा आकडा आहे. ताटं ३०५.